भरतीपासून कोर्टाच्या तारखेपर्यंत: नागपुरातील एका व्यसनमुक्ती केंद्राच्या कुटुंब मार्गदर्शन सेवेचा अनुभव

दक्षिण नागपुरातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात माझा भाचा उपचार घेत होता आणि त्याच काळात सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात त्याच्यावर एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) बाळगल्याचे व सेवन केल्याचे प्रकरण सुरू होते. या केंद्रातील जेवण, खोल्या आणि प्रार्थनेच्या वेळा यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिलेले आढळते. परंतु रुग्णाच्या घरच्यांसाठी तिथे जो स्वतंत्र मार्गदर्शन विभाग आहे, त्याविषयी कुणी लिहिलेले मला दिसले नाही, म्हणून हा अभिप्राय त्या विभागापुरताच आहे. काही तक्रारी व्यवस्थापनाकडे लेखी दिल्या असून त्यांचा निकाल लागायचा आहे, त्यामुळे केंद्राचे नाव दिलेले नाही.

या विभागाने आम्हाला दिलेली पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सेवा म्हणजे एक स्पष्ट नकार. माझ्या बहिणीची समजूत अशी होती की, आईने कोर्टात अर्ज केला की न्यायाधीश आदेश काढतात आणि केंद्राची गाडी येऊन मुलाला उचलून नेते. अशा गाड्या पाठवणारी ठिकाणे आहेत, आणि दोन ठिकाणांहून आम्हाला फोनवर दरही सांगण्यात आले होते. इथल्या समाजसेविकेने मात्र, ‘ताई, तुम्ही सही केली तरी आम्ही त्याला जबरदस्तीने आणणार नाही,’ असे सांगून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची चौकट समजावून दिली. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. पण रुग्णाची संमती नसताना भरती करायची असेल, तर कलम ८९ प्रमाणे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साहाय्य करणाऱ्या नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे, स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसावी लागते, आणि एवढे होऊनही ही भरती पहिल्या टप्प्यात ३० दिवसांपुरतीच असते. शिवाय त्याची माहिती या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावी लागते. रुग्णाला साखळीने बांधण्यास तर हा कायदा कोणत्याही स्वरूपात परवानगी देत नाही, हे त्या बाईंनी आम्ही न विचारताच सांगितले. बहीण नाराज झाली, आणि ते स्वाभाविक होते. घरातली भांडी विकून झालेल्या आईला कलमे ऐकायची नसतात.

आमच्या बाबतीत मार्ग निघाला तो दुसऱ्या कायद्यातून. भाच्याकडे सापडलेला माल दोन ग्रॅमच्या आत होता आणि शासनाच्या अधिसूचनेनुसार मेफेड्रोनची अल्प मात्रा दोन ग्रॅमपर्यंत धरली जाते. अशा प्रकरणात, किंवा केवळ सेवनाच्या आरोपात, व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याच्या कलम ६४-अ खाली तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण केले नाहीत तर ते काढूनही घेता येते. आरोप सिद्ध झाल्यानंतरचा मार्ग कलम ३९ चा आहे: तिथे न्यायालय आरोपीच्या संमतीने त्याला शिक्षेऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते आणि जास्तीत जास्त एका वर्षाच्या आत उपचारांच्या परिणामाचा अहवाल मागते. म्हणजे लोक ज्याला सरसकट ‘कोर्टाचा आदेश’ म्हणतात, त्याच्या मुळाशीही रुग्णाचा होकार लागतोच. हा होकार मिळवण्यासाठी समाजसेविकेने भाच्याशी आमच्या अनुपस्थितीत बोलण्याचा आग्रह धरला, आणि दोन बैठकांत तो तयार झाला. मामा म्हणून मी कित्येक महिने जे बोलत होतो त्याचा उपयोग झाला नव्हता, हे इथे नमूद करणे योग्य ठरेल.

दोन्ही कलमांत उपचाराची संस्था शासनाची किंवा मान्यताप्राप्त असावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडे झालेली संस्थेची नोंदणी म्हणजे ही मान्यता नव्हे, आणि पैसे भरण्यापूर्वी नेमके हेच विचारायचे राहून जाते. या केंद्राने मान्यतेच्या पत्राची व मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून झालेल्या नोंदणीची प्रत मागताक्षणी दिली, त्यामुळे वकिलांचे काम सोपे झाले. वकील आम्ही खासगी घेतला; परंतु आरोपी कोठडीत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, ही माहिती विभागाच्या दारावरच लावलेली आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक येण्यापूर्वीच त्याला फुकटचा पर्याय दाखवणारे दुकान विरळाच.

आता उणिवा. न्यायालयासाठी केंद्राने दिलेला पहिला अहवाल म्हणजे ‘रुग्णाची प्रगती समाधानकारक असून वर्तन चांगले आहे’ अशा आशयाचा एका परिच्छेदाचा दाखला होता. तो वाचून वकिलांनी कपाळाला हात लावला. भरतीची तारीख, निदान, दिलेली औषधे, समुपदेशनाच्या नोंदी, लघवीच्या चाचण्यांचे निकाल आणि पुढील उपचारांची योजना यांतले काहीच त्यात नव्हते, आणि सुधारित अहवाल मिळेपर्यंत एक तारीख वाया गेली. मार्गदर्शन विभाग कायदा जाणतो, पण अहवाल कार्यालयात तयार होतो आणि कार्यालयाला घाई नसते, असा हा प्रकार आहे. लघवीच्या चाचण्यांचे पैसे मासिक शुल्काव्यतिरिक्त घेतले जातात, हेही आधी सांगितले गेले नव्हते. कुटुंबीयांची गटबैठक आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी असते. माझी बहीण पोळ्यांची कामे करते, त्यामुळे प्रत्येक बैठकीला तिचे एका वेळचे काम बुडत असे. बैठकीत येणाऱ्या बहुतेक बायकांची परिस्थिती हीच असताना वेळ रविवारी का ठेवली जात नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

मद्यपी रुग्णांच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: एनडीपीएस कायदा दारूला लागू नाही, त्यामुळे कलम ६४-अ चा मार्ग त्यांना उपलब्ध नाही. नवरा मारहाण करत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येते, आणि तो अर्ज नवरा उपचाराला तयार होईपर्यंत अडवून ठेवण्याचे कारण नाही, असे समाजसेविका बैठकीत वारंवार सांगत असत. तसेच रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक बंद केल्यास झटके व वात (भ्रम) होऊन जिवाला धोका संभवतो, म्हणून अशा रुग्णाला आधी मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत दाखवण्यास हे केंद्र सांगते, आणि खाट रिकामी असली तरी प्रकृती बिघडलेल्या रुग्णाला ठेवून घेत नाही.

सुटीनंतरचा पाठपुरावा दूरध्वनीवर होतो आणि तो नियमित आहे, मात्र तो रुग्णाचा होतो, घरच्यांचा नाही. ज्यांच्यावर प्रकरण सुरू आहे आणि जे स्वतः उपचाराला राजी आहेत किंवा होऊ शकतात, अशांच्या कुटुंबांनी इथे जरूर जावे. अहवालाचा नमुना वकिलांकडून लिहून घेऊन भरतीच्याच दिवशी कार्यालयात द्यावा आणि चाचण्यांचे दर पावतीवर मागून घ्यावेत. मार्गदर्शन विभागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि कार्यालयाला दोन.