सोविन्यों ब्लां की रीसलिंग? आधी ताटात काय आहे ते पाहा

पांढरी वाइन हवी, गोडमिट्ट नको, आंबूस आणि तरतरीत हवी, एवढं ठरलं की प्रश्न बहुतेक वेळा याच दोन द्राक्षांवर येतो. आंबटपणा दोघींतही भरपूर. फरक आहे तो वासात, साखरेत आणि अल्कोहोलमध्ये, आणि जेवणाशी जमणं न जमणं त्यावरच ठरतं. म्हणून निवडायचं असेल तर दोन ग्लास शेजारी शेजारी ओतून बघाच.

सोविन्यों ब्लां लगेच बोलते. ग्लास नाकापाशी नेला की हिरवा वास येतो: नुकतंच कापलेलं गवत, टोमॅटोचं पान, हिरवी ढोबळी मिरची. ढोबळी मिरचीला जो वास पायराझिन गटातल्या संयुगांमुळे येतो, तीच संयुगं या द्राक्षातही असतात. द्राक्ष पिकत जातं तशी ती कमी होतात. न्यूझीलंडमधल्या मार्लबरोच्या बाटलीत याच्या जोडीला पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूट अगदी ठसठशीत येतात. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या सान्सेरची असेल तर सगळं जरा आवरतं, लिंबाच्या अंगाने जाणारं.

रीसलिंग आधी गप्प असते. ग्लास हातात धरून दोन मिनिटं थांबलं की हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पांढरी फुलं एकेक करून वर येतात. मुरलेल्या बाटलीत चक्क रॉकेलची आठवण करून देणारा वास येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला बाटली बिघडली असंच वाटलं होतं. पण तो टीडीएन नावाच्या संयुगाचा वास; भरपूर ऊन खाल्लेल्या द्राक्षांत आणि वाइन जुनी होताना तो वाढतो. हलकासा असेल तर मला तो फार आवडतो.

आता घोट. वाइन तोंडभर फिरवून गिळा आणि मान थोडी खाली करून थांबा. जिभेखालून आणि गालांच्या आतून पाणी किती वेळ सुटत राहतं ते मोजा. आंबटपणा जोखायची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही. रीसलिंगमध्ये साखर उरलेली असली तर जीभ फसते, ‘ही तर कमी आंबट’ म्हणते; सुटणारं पाणी मात्र फसत नाही. वाइन 8 ते 10 अंश सेल्सिअसला असू द्या. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर ती नुसती गार लागते, वास मिटून बसतो.

जेवणाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की धरा: पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. लिंबू पिळलेला मासा किंवा व्हिनेगर घातलेलं सॅलड असेल तर म्हणूनच या दोघींसारखी आंबट वाइन लागते. त्यात हिरवा पाला, ताज्या वनस्पतींचा स्वाद असेल तर सोविन्यों ब्लां पुढे, कारण हिरव्याला हिरवं मिळतं. बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर तर तिला तोड नाही. सान्सेरच्या शेजारच्या शाविन्योल गावात असं चीज बनतं. त्याचा मऊ, किंचित खारट तुकडा जिभेवर विरघळत असताना घोट घ्या. मीठ वाइनची धार बोथट करतं, वाइन चीजचा चिकटपणा धुऊन नेते.

तिखटाला मात्र मी सोविन्यों ब्लां देणार नाही. तिच्यात साधारण 12.5 ते 13.5 टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने तिखटाची आग भडकते. इथे जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची, काबिनेट दर्जाची (जर्मन प्रतवारीतली सगळ्यात हलकी पायरी), थोडी गोडसर रीसलिंग घ्या. अल्कोहोल बऱ्याचदा 8-9 टक्केच. उरलेली साखर तिखट शमवते आणि आंबटपणामुळे ती गोडी चिकट होत नाही. चरबीदार डुकराचं मांस, धुरावलेला मासा, गोडसर सॉस यांच्याशीही तिचं छान जमतं.

रीसलिंग घेताना लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर साखर लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम, म्हणजे ड्राय, गोड न लागणारी. तो शब्द नाही आणि अल्कोहोल 8 टक्क्यांच्या आसपास आहे, तर द्राक्षातली साखर सगळी आंबलेली नाही, गोडी येणार. साठवायची असेल तरही रीसलिंगच. चांगली बाटली दहा वर्षं सहज काढते. सोविन्यों ब्लां बहुतेक वेळा तरुणपणीच पिऊन टाकावी.

ताटात काय येणार हे माहीत नसेल तर मी जराशी गोडी असलेली रीसलिंग उचलते. पाला, लिंबू, चीज ठरलेलं असेल तर सोविन्यों ब्लां. आणि समोर नुसते कच्चे ऑयस्टर असतील तर या दोघींनाही बाजूला ठेवून ल्वारच्या मुखाकडची म्युस्काडे ही पांढरी वाइन मागवा: वास अगदी बेताचा, चव स्वच्छ, शेवटी खारटपणाचा भास. तिथे ऑयस्टरचा स्वाद झाकला जात नाही.