हळदीच्या सौद्यांची नोंद: एक्सेल की रिलेशनल डेटाबेस?

सांगलीच्या अडत दुकानात हळदीचे सौदे एक्सेलच्या एकाच तक्त्यात लिहिले, तर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि बँक खाते प्रत्येक ओळीत पुन्हा येते; खाते बदलल्यावर एखादी ओळ दुरुस्त करायची राहिली, की पट्टीची (विक्रीच्या हिशेबाची) रक्कम जुन्याच खात्यात जाण्याचा धोका असतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत शेतकरी आणि सौदे यांचे तक्ते वेगळे असतात, सौद्याच्या ओळीत शेतकऱ्याचा केवळ क्रमांक राहतो आणि नोंद नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे सौदा चढवू पाहिल्यास ‘फॉरिन की’चा नियम (सौद्यातला क्रमांक शेतकऱ्यांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, असा) तो नाकारतो. शिवाय सौदा आणि जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर मुळीच न होणाऱ्या नोंदींच्या गटात, बांधल्यास मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद उरत नाही. रचना आधी ठरवण्याचे कष्ट मात्र पडतात. एकट्याच्या हिशेबाला एक्सेल पुरते. अनेक कारकून एकाच वेळी लिहीत असतील, तर माझ्या मते डेटाबेसच हवा.