आबांचं वेब्ली, माझं निर्भीक

खोकं देखणं आहे, यात वाद नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 2014 साली निर्भीक रिव्हॉल्वर आणलं ते गडद तांबड्या, दागिन्यांच्या पेटीसारख्या खोक्यात. बायकांसाठी म्हणून! ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या आमच्या सराफी पेढीवर मी दिवसभर असल्याच पेट्या उघडून दाखवते, त्यामुळे पेटीवर भाळायचा प्रश्न नव्हता.

मला कमरेला दिवसभर बाळगता येईल असं हत्यार हवं होतं. 2021 मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचा झाला आणि माल तपासणी केंद्रावर न्या, आणा, हे नेहमीचंच होऊन बसलं. घरात आबांचं, म्हणजे आजोबांचं, वेब्ली रिव्हॉल्वर होतं. मॉडेल मार्क फोर, .32 बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप), बर्मिंगहॅमचं. काका म्हणाले, "एवढं विलायती हत्यार घरात असताना सव्वा लाख कशाला घालतेस?" त्यांचंही खरं होतं. परदेशी हत्यारांची खाजगी आयात 1980 च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे असल्या जुन्या मालाला लोक तोंडाला येईल तो भाव देतात.

पण आबा सोनार. हातात आलेली वस्तू आहे तशी ठेवतील तर शपथ. नळीच्या टोकाला नेम धरायची जी पट्टी असते, तिच्यावर त्यांनी चांदीचा बारीक रवा बसवलाय. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळी पट्टी दिसेनाशी होते, रवा मात्र नजर धरून ठेवतो. झाळ कुठे दिली तेही भिंगाशिवाय कळत नाही. इतकं स्वच्छ काम आज आमच्या कारागिरांकडून मी करून घेऊ शकणार नाही. वर निकेलचा मुलामा. त्याआधीच्या पॉलिशमध्ये हत्याराचा नंबर इतका पुसट झाला की तपासणीच्या वेळी माझंच भिंग लावून तो वाचावा लागला. नंबर वाचता न येणारं हत्यार म्हणजे कायद्यानं नसती भानगड, तेव्हा घरी कुणाला हौस असेल तर नंबराला कानस, पॉलिश काहीही लागू देऊ नका.

मूठ शिसवीची, आबांनी स्वतः कोरलेली. आणि आबा डावखुरे. अंगठ्यासाठी केलेली खोबण उजव्या हाताला भलतीकडे येते. धरलं की बोटं जागा शोधत राहतात. मूठ बदलून मिळते, पण मी ती बदलणार नाही. चाप, म्हणजे ट्रिगर, तोही त्यांनी हलका करून घेतलेला. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, ओढून ठेवला की फुंकर मारावी तसा सुटतो. कागदावर नेम धरायला स्वर्ग, गर्दीत कमरेला लावून स्टेशनवरून जायला अजिबात नाही.

निर्भीकचा चाप याच्या अगदी उलट. घोडा न ओढता सरळ चाप दाबायचा तर बोटाला चांगलाच जोर लागतो. मला तो तसाच हवा. घाबरलेल्या बोटाला थोडी अडवणूक असलेली बरी. वजन साधारण पाचशे ग्रॅम, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे. सहा गोळ्या. मोडून भरायचं, म्हणजे नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसं एकदम वर येतात; वेब्लीचाच घाट. आबांचं हत्यार हाताळलेल्या मला नवं काही शिकावं लागलं नाही. हलकं असल्यामुळे झटका मात्र हातात जास्त येतो, सराव हवाच. रूपाच्या बाबतीत आबांच्या वेब्लीशेजारी ठेवलं तर बिचारं कामापुरतं दिसतं.

बाकीचे पर्यायही पाहिले. 2023 मध्ये आलेलं प्रबळ रिव्हॉल्वर, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, नळी लांब. पण वजन पावणेसातशे ग्रॅम. अशनी पिस्तूल चपटं, कपड्यात लपतं, पण सेफ्टीचा खटका, मॅगझिन, चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. 9 मिलिमीटर वगैरे सिनेमातलं साध्या परवान्यावर मिळत नाही, ती आशा सोडा.

पैसे वाया गेले ते म्यानात. ऑनलाइन मागवलेलं पहिलं कापडी म्यान चाप पूर्ण झाकतच नव्हतं. शेवटी चपला शिवणाऱ्या कारागिराकडून जाड चामड्याचं करून घेतलं. पर्समध्ये किल्ल्या आणि मोबाइलसोबत हत्यार टाकणाऱ्या बायकांना हात जोडून सांगते, नका. आणि रात्री चामड्यात ठेवू नका. आबा गेल्यावर वारसाचा परवाना होईपर्यंत वेब्ली एका परवानाधारक दुकानात जमा होतं. त्यांनी ते म्यानासकट कपाटात ठेवलं, आपल्याकडच्या पावसाळ्यात! मुलाम्याखाली गंजाचे फोड आले, काडतुसांच्या पितळेवर हिरवी बुरशी दिसावी तसा कळंक. जमा करताना म्यान घरी ठेवा, तेल लावून द्या आणि पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घ्या. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करतानाही हेच.

शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. वारशाचं हत्यारही त्यातच मोजतात, म्हणजे माझी मर्यादा भरली. परवान्याची मुदत तेवढी तीनवरून पाच वर्षं झाली.

दोन्ही रिव्हॉल्वरना काडतूस एकच लागतं, खडकीच्या कारखान्याचं. जुन्यात भरण्याआधी मी ते आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, तपासून घेतलं. तुम्ही अशनी घेणार असाल तर दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. पिस्तुलाची बत्तीस आखूड असते, रिव्हॉल्वरची लांब, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.