स्पेसर वापरून तीन महिने झाले, झोपेचं काय झालं ते सांगतो

स्पेसर म्हणजे दम्याच्या पंपाच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, तिच्यातून औषध ओढायचं. दम्याचा पंप घेतल्यावर ज्यांची झोप उडते त्यांच्यासाठी लिहायलोय, कारण मी चार महिने लई हाल काढलेत.

आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं काढली, सुताचा बारीक धुरळा नाकातोंडात जायचाच. डॉक्टरनी फॉर्मोटेरॉल (श्वासनळी मोकळी करणारं औषध) आणि बुडेसोनाइडचा पंप दिलता, सकाळी दोन पफ रात्री दोन पफ. रात्री म्हणजे झोपताना असं मी धरलं आणि अकराला पफ मारून आडवा व्हायचो. मग छातीत धडधड, बोटं थरथरायची, दोन-अडीचपर्यंत डोळा लागायचा नाही, शेजारच्या मागाची खडखड ऐकत पडायचो. बायको म्हणायची अहो उठून बसू नका, पण पडून तरी काय करणार. शेवटी वैतागून रात्रीचा पंप आठ दिवस बंद केला, तर पहाटे चारला छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, खिडकी उघडून बसावं लागलं. हे कुणी करू नका. त्यातल्या बुडेसोनाइडनं श्वासनळीची सूज आटोक्यात राहते, आणि दमा तसाही पहाटेलाच जास्त उसळतो.

डॉक्टरकडं परत गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काका इमर्जन्सीचा साल्ब्युटामॉलचा पंप किती दिवसात संपतो? २०० पफचा पंप माझा दीड महिन्यात संपलता. मग समोर पफ मारून दाखवायला लावलं. मी दाबायचो आधी आणि श्वास ओढायचो नंतर, म्हणजे औषध घशालाच चिकटायचं, छातीत कमी जायचं, म्हणून दम लागायचा, म्हणून वरून साल्ब्युटामॉल, आणि त्यानं थरथर अजून वाढायची. झोप तिथं जात होती.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. फॉर्मोटेरॉल मिनिटांत चालू होतं आणि साधारण १२ तास टिकतं, म्हणून सकाळी सात संध्याकाळी सात अशी वेळ लावली, धडधड होते ती झोपायच्या आत उतरते. आणि स्पेसर घ्यायला सांगितला.

स्पेसर सात रस्त्याजवळच्या एका मेडिकलमधून घेतला, साडेतीनशेच्या आसपास पडला. पारदर्शक प्लास्टिकचा, दोन तुकडे एकमेकांत बसतात. मेडिकलवाल्या पोरानं गिऱ्हाईक थांबवून मला शिकवलं, त्याचं खरंच कौतुक आहे. पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एकच पफ सोडायचा, मग सावकाश श्वास ओढून दहा मोजेपर्यंत धरायचा, दुसऱ्या पफला परत हलवायचा, दोन पफ एकदम सोडायचे नाहीत. नंतर खळखळून चूळ भरून थुंकायचं. माझा बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटला.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. पहिल्यांदा धुतल्यावर घरच्या टॉवेलनं आतून खसाखसा पुसला, आपल्याकडं टॉवेल हाताशी असतोच. त्यानं प्लास्टिकला स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, मी आता रविवारी रात्री ताटाच्या मांडणीवर उभा ठेवतो, सकाळपर्यंत वाळतो.

खोट काय म्हणाल तर जोड तिसऱ्या महिन्यात सैल झालाय, धरून ठेवावा लागतो, आणि वस्तू मोठी आहे, शर्टाच्या खिशात मावत नाही. गड्ड्याच्या जत्रेत धुळीत फिरताना पिशवी न्यावी लागली.

झोप स्पेसरनं आली का? नुसत्या स्पेसरनं नाही, वेळ बदलली नसती तर तो एकटा पुरला नसता असं मला वाटतं. पण औषध छातीत जायला लागल्यावर साल्ब्युटामॉलची गरज आता आठवड्यातून एखाद्या वेळी पडते, आणि साडेअकराला झोप लागते. संध्याकाळचा सहाचा चहा पण सोडला, तो जड गेला. वेळ तुमच्या डॉक्टरला विचारूनच बदला, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

पाचात चार स्टार, एक त्या सैल जोडासाठी कापला. मेडिकलला दुपारी जावा, संध्याकाळी गर्दीत तो पोरगा एवढं निवांत दाखवू शकत नाही, आणि जाताना तुमचा पंप सोबत न्या, पंपाचं तोंड स्पेसरमध्ये नीट बसतंय का ते तिथंच बघून घ्या.