शेवभाजी एक नंबर, मागची पार्किंग मात्र देवाच्या भरवशावर

जळगाव-भुसावळ हायवेवरचं हॉटेल, नाव नाही लिहत, नोटीस दिलेली आहे. जेवणाला नावं ठेवायला जागा नाही. शेव वरून टाकून देतात म्हणून लगदा होत नाही, कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात, आणि तर्री अशी की नाक वाहायला लागतं.

पण मागच्या पार्किंगमध्ये गाडी काढण्यावरून पिऊन आलेल्या तिघांनी माझ्या मेहुण्याला रॉडने मारलं, डोक्याला टाके पडले. परमिट रूमचं दार तिकडेच उघडतं, हॅलोजन बंद, का तर म्हणे पावसाळ्यात पाखरं येतात आणि गिऱ्हाइकाच्या ताटात पडतात. वॉचमन बाबा रोडवर गाड्यांना शिट्ट्या मारायला. कॅमेरे चार आहेत, दोन गल्ल्यावर दोन किचनवर, म्हणजे पैसे आणि पनीर सेफ!

मालक म्हणतो, "भो, बाहेरची पोरं मारू राहिली त्यात मी काय करू? बोर्ड वाचला नाही का?" बोर्डावर लिहिलंय, पार्किंगमध्ये काहीही झाल्यास मालक जबाबदार नाही.

मारणाऱ्यांवर पोलीस केस झालीच आहे, ती वेगळी. पण आमचे वकील म्हणे असा बोर्ड लावला म्हणजे सुटला असं नसतं, दिल्लीच्या ताजमधून गाडी चोरीला गेली होती त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलं की हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर 'ओनर्स रिस्क' म्हणजे गाडी ज्याची जोखीम त्याची, ही अट वाचवत नाही. आता ती केस चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेल्या गाडीची, मारामारीची नाही, त्यामुळे आमचं काम सोपं नाही हे पण त्यांनीच सांगितलं. अमेरिकेत मात्र १९७० लाच वॉशिंग्टनच्या एका बिल्डिंगवर असा निकाल लागलेला, आधी दारावर चोवीस तास माणूस असायचा तो काढून टाकला, गुन्हे वाढताहेत हे मालकाला माहीत होतं तरी काही केलं नाही, मग भाडेकरू बाईवर हल्ला झाला आणि कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं. सगळा खेळ त्या 'माहीत होतं' वर आहे. आणि इथला वेटर आमच्यासमोर बोलून गेला की दारूवाल्यांचं हे नेहमीचंच आहे साहेब, मागच्या महिन्यात पण झालं.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, फी आपण दिलेल्या बिलावर ठरते, पाच लाखांपर्यंत काहीच नाही, म्हणजे जेवणाच्या बिलाला शून्य. फक्त बिल पाहिजे. आमच्याकडे फोनपेचा मेसेज होता म्हणून बरं, नाहीतर इथे पक्कं बिल मागितलं की काउंटरवाला असा बघतो जसं काही किडनी मागितली.

दोन स्टार, ते पण आचाऱ्याचे. रात्री फॅमिली घेऊन जाऊ नका, पार्सल घ्यायचंच असेल तर गाडी पुढे काउंटरसमोर लावा, मागे नको.