फिटची गोळी बदलायची का? जुने रेणू आणि त्यांचे सुधारित भाऊबंद

फिट थांबल्या, पण माणूस चिडका झाला. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध घेणाऱ्या काही जणांच्या घरी ही तक्रार ऐकू येते. मग कोणीतरी ब्रिव्हरासिटाम सुचवतं: नवीन आहे, त्रास कमी. नवीन आहे हे खरं. त्रास कमी म्हणजे कोणता, हे मात्र विचारायला हवं.

लेव्हेटिरासिटामला १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंदूतल्या एसव्ही२ए या प्रथिनाला ते चिकटतं, हे उलगडलं २००४ मध्ये. ते बनवणाऱ्या बेल्जियन कंपनीने, यूसीबीनेच, या प्रथिनाला कितीतरी पट घट्ट धरणारं ब्रिव्हरासिटाम आणलं (२०१६). चिडचिडीमुळे जुनी गोळी सोडून नवी घेतलेल्या २९ रुग्णांच्या एका अभ्यासात २७ जणांचा त्रास कमी झाला. आकडा भारी वाटतो, पण गोळी बदलली हे सगळ्यांना माहीत होतं आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. तरी राग, रडू, उदासी एवढीच अडचण असेल तर माझ्या मते हा बदल डॉक्टरांकडे नक्की काढावा. भारतात २०२१ मध्ये ब्रिव्हरासिटामचं पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या, त्यामुळे किंमतही पूर्वीइतकी आडवी येत नाही.

झोप आणि गरगरणं मात्र नव्या गोळीनेही येतं. शिवाय लेव्हेटिरासिटाम मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तर ब्रिव्हरासिटामचं विघटन होऊन त्यात यकृताचाही वाटा असतो. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ब्रिव्हरासिटामची रक्तातली पातळी घसरते. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. दोन्ही गोळ्या एकत्र घेऊन जादा फायदा दिसलेला नाही.

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही फिटच्या औषधांची जोडी जुनी. कार्बामाझेपिनपासून यकृतात इपॉक्साइड नावाचं एक संयुग बनतं, बऱ्याच त्रासाचं खापर त्याच्यावर फुटतं. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत थोडा बदल करून ती वाटच टाळली, तेच ऑक्सकार्बाझेपिन. पण ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातलं सोडियम अधिक वेळा उतरतं. वय झालेलं आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, अशा माणसाला मी हा बदल सहज सुचवणार नाही. कार्बामाझेपिनने अंगावर पुरळ आलं असेल तर काहींना याच्यानेही येतं.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणखी एका जुन्या औषधाला असा सरस भाऊ अजून मिळालेला नाही. ब्रिटनमधल्या सॅनॅड-२ चाचणीत (२०२१) सर्वव्यापी अपस्माराच्या (ज्यात फिट मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम सुरू होते) रुग्णांमध्ये लेव्हेटिरासिटाम त्याच्यापुढे मागे पडलं. तरीही गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतल्यास शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, म्हणून मूल हवं असलेल्या बाईसाठी पारडं दुसरीकडे झुकतं. ती चर्चा दिवस राहण्याआधीच व्हावी. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून गोळी अचानक बंद करणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.