यलो फीवरचं सरकारी लसीकरण केंद्र: आफ्रिकेतल्या रुग्णालयात एकट्यानं सेवेला निघालेल्यांसाठी

युगांडातल्या एखाद्या मिशन रुग्णालयात दोन-तीन महिने काम करायचं ठरलं, की नर्स असो वा इंटर्न, पहिलं काम यलो फीवरच्या (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या) लशीचं. या लशीशिवाय युगांडात प्रवेश नाही. ई-व्हिसाच्या अर्जालाच लशीचं कार्ड जोडावं लागतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संघटना ही त्यातली सरकारी केंद्रं. काही खाजगी क्लिनिकांनाही परवानगी आहे, पण इथे लिहिलंय ते सरकारी केंद्राच्या सेवेबद्दल.

आमचं मत आधीच सांगतो. टोचण्याचं काम चोख आणि दर रास्त, पण सल्ला जवळपास नाहीच. रुग्णालयात एकट्यानं काम करायला जाणाऱ्याला मात्र सल्ल्याचीच जास्त गरज असते.

शुल्क साधारण ३०० रुपये. खाजगीत तीच लस, तेच कार्ड, पैसे कितीतरी पट. सरकारी केंद्रावर आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते, आणि लस ठरावीक वारीच मिळते. याचा लोकांना फार राग येतो. कारण मात्र साधं आहे. लस कोरड्या पावडरीच्या रूपात २ ते ८ अंशांत ठेवलेली असते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात. द्रावण मिसळलं, की ६ तासांच्या आत कुपी संपवायची, उरलेली फेकून द्यायची. दोघांसाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात, म्हणून माणसं जमवूनच टोचतात. तेव्हा वेळ चुकवू नका. पुढची तारीख आठवडाभरानंच मिळेल असं धरून चाला.

जाताना मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स न्या, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही. दंडावर कातडीखाली अर्धा मिली, मग अर्धा तास तिथेच बसायचं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, अंगावर पिणारं लहान बाळ, स्टिरॉइडचे मोठे डोस, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार यातलं काहीही असेल तर विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. गर्दीच्या दिवशी ‘काही त्रास नाही ना?’ एवढ्यावरच आटपू शकतं. वयाची साठी उलटलेल्यांना दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, त्यांनी आधी फिजिशियनशी बोलून घ्यावं.

मग येतं पिवळं कार्ड. टेबलावरून उठायच्या आधी ते तिथेच, उभ्या उभ्या तपासा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. पासपोर्ट क्रमांक. लशीचा बॅच नंबर. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला हवा, कारण नुसते आकडे असले तर ०५/०६ हा मे की जून, हा घोळ परदेशातल्या काउंटरवर होतो. डॉक्टरची हातानं केलेली सही आणि केंद्राचा शिक्का, दोन्ही हवेत. शिक्का म्हणजे सही नव्हे. खाडाखोड असेल तर कार्ड बाद ठरू शकतं, म्हणून चूक दिसली तर वर गिरवून न घेता नवं कार्ड मागा. कार्ड १० दिवसांनंतर वैध होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. २०१६ च्या जुलैपासून १० वर्षांची मुदत गेली.

ही झाली केंद्राची जमेची बाजू. आता तिथे कुणीही सांगत नाही ते. यलो फीवरची लस जिवंत विषाणूची आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर किंवा कांजिण्यांची लस राहिली असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्या. महिनाभर आधी धावपळ सुरू केली तर इथेच गणित बिघडतं.

त्याहून मोठी बाब हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग, त्याची लस. ‘तीन डोस झालेत’ एवढ्यावर थांबू नका, रक्तातली अँटीबॉडी पातळी मोजून घ्या. ती दर मिलीलिटरला १० मिली-आययूच्या वर हवी. अनेकांनी कॉलेजात डोस घेतलेले असतात, पातळी कधीच तपासलेली नसते. आणि डोस घेतलेच नसतील तर ०, १ आणि ६ महिने असं वेळापत्रक आहे, म्हणजे तयारी सहा महिने आधीपासून. टायफॉइडची लस निदान दोन आठवडे आधी. खेड्यात राहणार असाल तर रेबीजचे आगाऊ दोन डोस, सात दिवसांच्या अंतरानं. कुत्रा चावल्यावर लशीसोबत लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) दूरच्या भागात मिळणं अवघड, आणि हे दोन डोस घेतलेले असले तर त्या इम्युनोग्लोब्युलिनची गरजच पडत नाही.

काम करताना रुग्णाची वापरलेली सुई चुकून टोचल्यास काय, हे निघण्यापूर्वीच यजमान रुग्णालयाला लेखी विचारा: एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या कुठे ठेवल्यात, रात्री आणि रविवारी चावी कोणाकडे असते? पहिला डोस शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत मिळाला तर उत्तम. ७२ तास उलटले की उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. उत्तर मोघम आलं तर डॉक्टरच्या चिठ्ठीनं सुरुवातीच्या काही दिवसांच्या गोळ्या सोबत न्या. एकटं गेल्यावर तिथे आपल्यासाठी धावपळ करणारं दुसरं कुणी नसतं.

मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडतं: रोज १०० मिलिग्रॅम, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण होतो. परतल्यावर बरं वाटतंय म्हणून लोक गोळ्या सोडतात आणि घरी येऊन तापानं आडवे होतात.

तेव्हा लस सरकारी केंद्रात घ्या, सल्ला मात्र ट्रॅव्हल मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरकडून, शक्यतो केंद्रात जाण्याआधीच. तारखा फारच जवळ आल्या असतील आणि केंद्रात वेळ मिळत नसेल, तरच खाजगीत जादा पैसे मोजा.

कार्ड लॅमिनेट करू नका, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून घ्या. ते चेक-इन बॅगेत टाकू नका. युगांडाहून भारतात उतरतानाही ते दाखवावं लागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.